मूर्ती गेल्या, पाट्या उरल्या: नाणेघाट, जुन्नर आणि विद्यापीठाचे संग्रहालय

१/
कोकणातून चढून येणारी नाणेघाटाची वाट जिथे देशावर पोहोचते, तिथे खडकात खोदलेले एक लेणे आहे. त्याच्या मागच्या भिंतीवर ब्राह्मी लिपीत ओळीने नावे कोरली आहेत : राजा सिमुक सातवाहन, देवी नागनिका आणि राजा श्री सातकर्णी, कुमार भाय, महारठी त्रणकयिर, कुमार हकुसिरी, कुमार सातवाहन. या नावांसोबत एके काळी त्या त्या व्यक्तींच्या मूर्ती होत्या. मूर्ती फार पूर्वीच नष्ट झाल्या. नावे मात्र सुमारे दोन हजार वर्षांनंतरही उरली आहेत.

२/
आजच्या भाषेत सांगायचे, तर हे राजघराण्याचे एक दालन होते. त्यातील शिल्पे गेली आणि पाट्या राहिल्या. तरीही सातवाहनांच्या इतिहासाची सुरुवात याच पाट्यांपासून करावी लागते. आता उलट कल्पना करावी. मूर्ती सुस्थितीत राहिल्या असत्या आणि नावे पुसली गेली असती, तर? मग प्राचीन वेशातील काही अनोळखी स्त्रीपुरुष एवढेच आपल्या हाती राहिले असते. संग्रहालय नेमके कशासाठी असते, याचे उत्तर या प्रश्नात दडलेले आहे. जुन्नर-आंबेगावचा परिसर आणि पुण्याच्या डेक्कन कॉलेजचे संग्रहालय यांच्या आधारे ते उत्तर शोधण्याचा हा प्रयत्न.

३/
पाटी नसलेल्या दालनाचा प्रसंग संस्कृत नाटकातही आहे. भासाच्या नावाने प्रसिद्ध असलेल्या ‘प्रतिमानाटका’त आजोळहून परतणारा भरत अयोध्येबाहेरच्या प्रतिमागृहात शिरतो. समोर मूर्ती आहेत, पण त्या कोणाच्या हे त्याला कळत नाही. तेथील देवकुलिक, म्हणजे त्या वास्तूचा रखवालदार, एकेका मूर्तीची ओळख करून देतो : दिलीप, रघू, अज. चौथी मूर्ती दशरथाची असते. इथे केवळ दिवंगत राजांच्या प्रतिमा ठेवतात, हे कळते तेव्हाच आपले वडील गेल्याचे भरताला उमगते. मूर्ती त्याच्या डोळ्यांसमोर होती. अर्थ कळला तो सांगणाऱ्यामुळे.

४/
सांगण्याचे हे काम आधुनिक काळात ज्या संस्थांनी अंगावर घेतले, त्यांत विद्यापीठांची संग्रहालये महत्त्वाची आहेत. ऑक्सफर्डचे अ‍ॅशमोलियन संग्रहालय १६८३ मध्ये लोकांसाठी खुले झाले. भारतात कलकत्ता विद्यापीठाचे आशुतोष संग्रहालय १९३७ मध्ये स्थापन झाले. वाराणसीचे भारत कला भवन १९२० मध्ये सुरू झाले आणि १९५० मध्ये बनारस हिंदू विद्यापीठाचा भाग बनले. बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात १९५२ मध्ये संग्रहालयशास्त्राचे शिक्षण सुरू झाले. वस्तू जपणे आणि वस्तूंवरून शिकवणे ही एकाच कामाची दोन अंगे आहेत, हा विचार या सर्वांच्या मुळाशी होता.

५/
पुण्यातील या परंपरेचे घर म्हणजे येरवड्याचे डेक्कन कॉलेज. १८२१ मध्ये विश्रामबागवाड्यात सुरू झालेल्या संस्कृत पाठशाळेपर्यंत त्याची मुळे जातात. १८६४ मध्ये त्याला ‘डेक्कन कॉलेज’ हे नाव मिळाले आणि काही वर्षांतच ते येरवड्याच्या दगडी इमारतीत आले. १९३४ मध्ये सरकारने ते बंद केले. पुढे १९३९ मध्ये पदव्युत्तर व संशोधन संस्था म्हणून ते पुन्हा उघडले आणि १९९० मध्ये त्याला अभिमत विद्यापीठाचा दर्जा मिळाला.

६/
१९३९ मध्ये जे मोजके प्राध्यापक तिथे रुजू झाले, त्यांत हसमुख धीरजलाल सांकलिया (१९०८–१९८९) होते. लंडनमध्ये शिकत असताना त्यांनी मॉर्टिमर व्हीलर यांच्या उत्खननात काम केले होते. पुरातत्त्व केवळ ग्रंथालयात बसून शिकता येत नाही, हा धडा त्यांनी तिथून आणला. विद्यार्थ्यांना घेऊन ते नद्यांच्या काठांनी हिंडले. दगडी हत्यारे, खापरे, हाडे, मणी गोळा होत गेले. पुरातत्त्व विभागाचे संग्रहालय उभे राहिले ते या क्षेत्रकार्यातून. त्यामागे ना कुणा राजाचा खजिना होता, ना बाजारातून विकत घेतलेली शिल्पे. अभ्यास करताना जे सापडले, ते पुढच्या विद्यार्थ्यासाठी ठेवले गेले.

७/
याच आवारात दुसरे एक संग्रहालय आहे, मराठा इतिहासाचे. रावबहादूर द. ब. पारसनीस यांनी साताऱ्यात जमवलेला संग्रह १९३९ मध्ये इथे आला. त्यात नाना फडणिसांचे मेणवली दप्तर आहे. दप्तरातील कागद पूर्वी कापडी रुमालांत बांधून ठेवत. एखादे पत्र कोणत्या रुमालात, कोणत्या कागदांच्या सोबतीला होते, यावरून त्याची तारीख, प्रसंग आणि कधी कधी लिहिणाऱ्याचा हेतूही कळतो. रुमाल सोडून कागद विस्कटले, तर अक्षरे राहतात, संदर्भ जातो. मातीच्या थरांचा नियम आणि कागदाच्या रुमालाचा नियम वेगळा नाही.

८/
उत्खननातील वस्तू संग्रहालयापर्यंत कशी येते? प्रथम तिची जागा नोंदवली जाते : कोणते स्थळ, कोणता खड्डा, कोणता थर, किती खोली. खापरे धुऊन, वाळवून, ‘पॉटरी यार्ड’मध्ये चौकोन आखून थरांनुसार मांडतात. मग एकेका निवडक खापरावर बारीक अक्षरांत स्थळाचे संक्षिप्त नाव, खड्डा आणि थर लिहितात. पुरातत्त्वाचा विद्यार्थी हे काम फार लवकर शिकतो, आणि सुरुवातीला त्याला ते कंटाळवाणेही वाटते. पण काचेमागच्या प्रत्येक वस्तूचे मोल त्या बारीक अक्षरांवरच उभे असते. ती पुसली गेली, तर खापर हे नुसते फुटके मडके.

९/
याचे उत्तम उदाहरण घोड नदीने दिले आहे. घोड आंबेगाव तालुक्यातील आहुप्याकडच्या सह्याद्रीत उगम पावते, घोडेगावजवळून वाहते, जुन्नरहून येणारी कुकडी तिला पुढे मिळते आणि ती भीमेकडे जाते. या नदीच्या काठी, शिरूर तालुक्यात, इनामगाव आहे. डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८३ या काळात सांकलिया, म. के. ढवळीकर आणि झैनुद्दीन अन्सारी यांच्या नेतृत्वाखाली तिथे उत्खनन केले. सुमारे इ.स.पू. १६०० ते ७०० या काळातील शेतकऱ्यांची वस्ती थराथराने उजेडात आली.

१०/
इनामगावात चार पायांच्या एका मोठ्या मातीच्या रांजणात मांडी घालून बसवलेल्या स्थितीत पुरलेला एक पुरुष सापडला. निव्वळ रांजण पाहिला, तर ती एक विलक्षण आकाराची वस्तू आहे, इतकेच म्हणता येते. पण तो रांजण वस्तीच्या मध्यभागी, पाच खोल्यांच्या मोठ्या घराच्या अंगणात होता, आणि त्या घराला धान्याचे कोठार होते. एवढ्या जोडणीतून अभ्यासक विचारू लागले : हा गावचा मुख्य होता का? धान्य गोळा करणे आणि वाटणे त्याच्या हाती होते का? तीन हजार वर्षांपूर्वीच्या गावातील सत्तेविषयीचा हा प्रश्न रांजणाने एकट्याने विचारला नसता. तो रांजणाच्या जागेने विचारला.

११/
आता घोडेकडून कुकडीकडे वळू. जुन्नर तालुक्यातील बोरी येथे, कुकडीच्या काठच्या गाळात, ज्वालामुखीच्या राखेचा थर आहे. डेक्कन कॉलेजशी संबंधित संशोधकांनी १९८०च्या दशकात तो अभ्यासकांच्या नजरेस आणला. दख्खनचे पठार लाव्ह्याचे असले, तरी ते लाव्हे साडेसहा कोटी वर्षांच्या आसपासचे आहेत. ही राख त्या मानाने अगदी अलीकडची. तिचा उगम तीन हजार किलोमीटरहून दूर, इंडोनेशियातील सुमात्रा बेटावरच्या टोबा ज्वालामुखीत आहे. आणि त्याच परिसरात अश्मयुगीन माणसाची दगडी हत्यारेही मिळाली आहेत.

१२/
राख कोणत्या उद्रेकाची, यावर मोठा वाद झाला. एका मापनाने तिचे वय सुमारे चौदा लाख वर्षे आले, दुसऱ्याने सुमारे पावणेसात लाख. राखेच्या रासायनिक घडणीची तुलना करणाऱ्यांनी ती टोबाच्या सर्वांत अलीकडच्या, सुमारे ७४ हजार वर्षांपूर्वीच्या महाउद्रेकाशी जोडली. राखेजवळ सापडलेल्या हातकुऱ्हाडींचे वय या उत्तरावर अवलंबून असल्याने बोरी हे नाव जगभरच्या शोधनिबंधांत पोहोचले. हत्यार राखेच्या खाली होते, वर होते, की पुराच्या पाण्याने वाहून तिथे येऊन पडले होते, हा प्रश्न या वादाच्या केंद्रस्थानी राहिला.

१३/
काचेमागे ठेवलेल्या हातकुऱ्हाडीकडे पाहणाऱ्या शाळकरी मुलाला ‘हे लाखो वर्षांपूर्वीचे हत्यार’ असे सांगणे सोपे आहे. ‘हे कळले कसे?’ हा त्याचा पुढचा प्रश्न अवघड आहे, आणि विद्यापीठाच्या संग्रहालयाने तयारी ठेवायची ती या दुसऱ्या प्रश्नाची. तिथे बोरीची गोष्ट वादासकट सांगता येते. तीन प्रयोगशाळा तीन उत्तरे देतात, तेव्हा शास्त्र हरलेले नसते. पुरावा तपासला जात असतो. इतिहास हा तयार उत्तरांचा साठा नसून तपासाची शिस्त आहे, हे मुलांना कळण्यासाठी याहून चांगला धडा शोधावा लागणार नाही.

१४/
जुन्नरचे भाग्य असे, की इथल्या पुष्कळ वस्तूंच्या पाट्या वस्तूंवरच कोरलेल्या आहेत. लेण्याद्रीला गिरिजात्मजाच्या दर्शनासाठी हजारो भाविक चढतात. तो गणपती ज्या विहारात आहे ते सातव्या क्रमांकाचे लेणे. शेजारच्या सहाव्या लेण्यात स्तूप असलेले चैत्यगृह आहे आणि त्यावर लेख आहे : कल्याणच्या हेरणिकाचा मुलगा सुलसदत याने हे चैत्यगृह दान दिले. एका ओळीत बंदर, पिता, पुत्र आणि दान. कल्याणहून घाट चढून जुन्नरला येणाऱ्या व्यापाराचा माणूस या ओळीत नावानिशी उभा आहे.

१५/
मानमोडी, शिवनेरी, तुळजा आणि लेण्याद्री या डोंगरांतील लेखांत असे अनेक दाते भेटतात. यवन म्हणवणारे इरिल, चिट आणि चंद हे तिघे आहेत; पैकी एकाने पाण्याची टाकी दिली, तर एकाने भोजनमंडप. महाक्षत्रप नहपानाचा अमात्य अयम याने ४६ या वर्षी दान दिले. हे वर्ष शक संवताचे मानले, तर ते इ.स. १२४ होते. एका लेखात बांबूकाम करणाऱ्यांच्या आणि कासारांच्या श्रेणींकडे गुंतवणूक केल्याचा उल्लेख आहे. बुरूड आणि कासार यांच्या संघटना धर्मादाय ठेवी सांभाळत होत्या, हे कोणत्याही बखरीत नाही. ते जुन्नरच्या खडकावर आहे.

१६/
हे लेख वाचले जाण्यामागेही नोंदीचीच परंपरा आहे. एकोणिसाव्या शतकात कर्नल साईक्स यांनी जुन्नर आणि नाणेघाटच्या लेखांकडे अभ्यासकांचे लक्ष वेधले. पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी भिंतींवरून ठसे घेतले, अक्षरे तपासली आणि जेम्स बर्जेस यांच्यासमवेत १८८१ मध्ये पश्चिम भारतातील लेण्यांचे लेख प्रसिद्ध केले. नागनिकेच्या लेखातील यज्ञांच्या दक्षिणेचे आकडे, म्हणजे भारतातील जुन्या अंकचिन्हांचे महत्त्वाचे उदाहरण, अभ्यासले गेले ते अशा वाचनांमुळे. पाऊस, वारा आणि माणसांचे हात खडक झिजवत असतात. पुढे अक्षर झिजले, तरी ठसा बोलतो.

१७/
एकत्र सापडलेल्या गोष्टी एकत्र ठेवल्याने काय साधते, हे नहपानाच्याच नाण्यांनी दाखवले. १९०६ मध्ये नाशिक जिल्ह्यातील जोगलटेंभी येथे तेरा हजारांहून अधिक चांदीच्या नाण्यांचा साठा मिळाला. त्यातील नऊ हजारांहून अधिक नहपानाच्या नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीने आपली मुद्रा पुन्हा उमटवली होती. सुटे एक नाणे जिज्ञासा जागवते. संपूर्ण साठा सांगतो, की क्षत्रपांची चांदी जिंकणाऱ्याने ती ठरवून आपल्या नावे चलनात आणली. हा साठा सापडताच मूठमूठ वाटला गेला असता, तर हे प्रमाण कधीच मोजता आले नसते.

१८/
जुन्नर शहर मात्र आपल्याच भूतकाळावर वसलेले आहे. डेक्कन कॉलेजने २००५ ते २००७ या काळात वसंत शिंदे यांच्या मार्गदर्शनाखाली इथे पुरातत्त्वीय संशोधन हाती घेतले आणि अहवाल संस्थेच्या ‘बुलेटिन’मध्ये प्रसिद्ध झाला. डोंगरात लेणी कोरवून घेणारे व्यापारी आणि कारागीर राहत कुठे होते, याचे उत्तर लेण्यांत मिळत नाही. ते शहराखालच्या मातीत आहे. आणि ती माती रोज हलते आहे. घराचा पाया, विहीर, रस्ता, शेताची सपाटी यांसाठी खोदलेला प्रत्येक खड्डा काही थर कायमचे पुसतो.

१९/
या ठिकाणी इतिहासप्रेमींचाही प्रश्न येतो. किल्ल्यावर वा शेतात दिसलेले खापर, मणी, नाणे उचलून घरी आणणे आणि त्याचे छायाचित्र मिरवणे, हा प्रेमाचाच एक प्रकार वाटतो. परिणाम मात्र चोरीसारखाच होतो. घरच्या कपाटात ते नाणे सुरक्षित राहील. ते कुठल्या थरात, कशाजवळ होते, हे कायमचे जाईल. कायदाही या बाबतीत जुना आणि स्पष्ट आहे. १८७८च्या निखात निधी अधिनियमानुसार जमिनीत दडलेला, दहा रुपयांहून अधिक मोलाचा ठेवा सापडला, तर जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवावे लागते. पुरावस्तूंच्या व्यवहारासाठी १९७२चा स्वतंत्र कायदा आहे.

२०/
नोंदीवाचून काय गमावते, हे आंबेगावला वेगळे सांगावे लागत नाही. तालुक्याला ज्या गावाचे नाव आहे, ते जुने आंबेगाव घोड नदीवरच्या डिंभे धरणाच्या जलाशयात गेले. तालुक्याचे कामकाज घोडेगावातून चालते. नाव मात्र आंबेगाव. नाणेघाटात मूर्ती गेल्या आणि नावे राहिली, तसेच इथे गाव गेले आणि नाव राहिले. विस्थापित कुटुंबांच्या आठवणी, जुनी छायाचित्रे, देवळांची वर्णने, सातबाराचे उतारे हीच आता त्या गावाची पाटी आहे. ती लिहिणारी पिढी म्हातारी होत चालली आहे.

२१/
म्हणून विद्यापीठाच्या संग्रहालयाचा शिक्षणक्रम केवळ दालन दाखवण्यापुरता राहू शकत नाही. दरवर्षी १८ मे हा आंतरराष्ट्रीय संग्रहालय दिन आणि १९ ते २५ नोव्हेंबर हा जागतिक वारसा सप्ताह असतो. प्रदर्शने आणि शालेय सहलींना त्या निमित्ताने बहर येतो. पण जुन्नर वा आंबेगावचे मूल पुण्याला येऊन घोडेकाठची खापरे पाहते, तेव्हा अर्धाच प्रवास झालेला असतो. उरलेला अर्धा त्याच्या गावाकडचा आहे : पाहिलेल्या खापरासारखे खापर शेतात दिसले, तर ते जागचे न हलवता जागा टिपून ठेवणे आणि जाणकारांना कळवणे. ही सवय लागली, तर सहल शिक्षण ठरली.

२२/
संग्रहालय पाहण्याची पद्धतही यातूनच ठरते. शंभर वस्तूंवरून नजर फिरवण्यापेक्षा एकीपुढे दहा मिनिटे थांबावे. कागदावर तिचे साधे रेखाटन करावे. काढताना जे दिसते, ते नुसते पाहताना निसटते. मग पाटी वाचून चार प्रश्न विचारावेत. ही वस्तू कुठे सापडली? कशासोबत सापडली? तिचे वय कशावरून ठरवले? आणि तिच्याविषयी अजून काय ठरलेले नाही? पाटीवर उत्तर नसेल, तर तिथल्या अभ्यासकांना विचारावे. विद्यापीठाच्या संग्रहालयात उत्तर देणारा माणूस पुष्कळदा पलीकडच्याच खोलीत खापरे मांडत बसलेला असतो.

२३/
नाणेघाटाच्या भिंतीवर आज सिमुक नाही, नागनिका नाही. ज्या कारागिराने मूर्तींसोबत नावे कोरली, त्याला त्या कामाचे महत्त्व किती वाटले असेल, कोण जाणे. मूर्ती घडवण्याचे श्रम त्याहून नक्कीच मोठे होते. तरी दोन हजार वर्षांनी राजघराण्याला ओळख मिळाली ती त्या काही शब्दांमुळे. घाट चढून तिथे जाणाऱ्याने क्षणभर मागच्या भिंतीसमोर उभे राहावे, रिकामी जागा आणि कोरलेली नावे दोन्ही पाहावीत. आणि आपल्या गावच्या देवळातील वीरगळाची, वाड्याच्या चौकटीची, पाण्यात गेलेल्या वेशीची पाटी कोणी लिहिली आहे का, याची चौकशी परतल्यावर करावी. लिहिली नसेल, तर वही घेऊन बसावे. #इतिहास #जुन्नर #आंबेगाव